फुईला कोणी मूळ धाडलं नाही

आज आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. माहेरी आलेय. दुपारी आमरस-पुरणपोळी झाली, बाहेर ऊन मी म्हणत होतं, आणि निंबाच्या झोक्यावर बसून भाची मोबाईलवर तिचं कोरियन कॉमिक वाचत होती. दादाने डोकावून विचारलं, "यात हिरोईन कोण?" ती म्हणाली, "खलनायिका." झालं! फोन काढून घेतला. "नवऱ्याला सोडणारी, सूड घेणारी बाई म्हणे नायिका. असलं वाचूनच पोरी बिघडतात."

सणाच्या दिवशी घरात आवाज नको म्हणून मी गप्प राहिले. आता रात्री झोप येत नाहीये.

ही कॉमिक्स मीही वाचते. भाचीनेच नाद लावला. कोरियात या प्रकाराला 'रोफान' म्हणतात, रोमान्स आणि फँटसी एकत्र. बोटाने सरकवत वाचायचं, भाग बहुधा आठवड्याला एक. बाई फासावर जाते आणि डोळे उघडते तर दहा वर्षं मागे. नाहीतर आपल्यासारखी एखादी मरते आणि कादंबरीतल्या दुष्ट बाईच्या अंगात जागी होते. जपानी गोष्टींत ती सरदाराची लेक असते आणि राजपुत्र भर मेजवानीत तिचं लग्न मोडतो. तिचा मूळ गुन्हा काय, तर ठरलेला नवरा दुसरीच्या मागे लागला आणि ही गप्प बसली नाही.

ते वाचताना मला दर वेळी फुई दिसते, म्हणजे माझी आत्या.

2009 साल. याच घराच्या ओट्यावर बाबा, दोन्ही काका आणि हक्कसोडीचा कागद. फुई चौथी शिकलेली, सही करता येते तिला, तरी अंगठ्यासाठी शाईची डबी उघडून ठेवलेली. फुईने कागद वाचला, सगळा, बोट फिरवत. मग डबीचं झाकण लावलं आणि म्हणाली, "मना वाटा माले पाहिजे."

2005 पासून वडिलोपार्जित मिळकतीत कायद्यानेच लेकीला मुलाइतका वाटा आहे. तिने कोणाचं काही हिसकावलं नव्हतं. पण त्या दिवसापासून ती खाष्ट झाली, भावांचं घर खाणारी झाली. त्यानंतर एकाही आखाजीला तिला आणायला मुराळी गेला नाही. एकाही! आणि आम्ही दरवर्षी याच निंबाला झोका बांधून गौराईची गाणी म्हणतो, सासरी वाट बघणाऱ्या लेकीची!

दादा, पिक्चरमधला हिरो बापाचा सूड घेतो तेव्हा शिट्ट्या तूच मारतोस ना?

हो, बऱ्याचशा गोष्टी एकाच साच्यातल्या आहेत, तेच झगे, तोच उत्तरेकडचा थंड चेहऱ्याचा ड्यूक. 'रिमॅरिड एम्प्रेस' मला फार आवडतं. नवरा घटस्फोट देतो, ती शांतपणे कबूल करते आणि तिथल्या तिथे दुसऱ्या लग्नाची परवानगी मागते. तो भाग मी चारदा वाचला. पण त्यात वाईट ठरते ती राश्ता, नवऱ्याने ठेवलेली दुसरी बाई, पळून आलेली गुलाम पोर. ते मला खुपतं. एका बाईला न्याय द्यायला दुसरी गरीब बाई कशाला लागते?

तरी पोरींनी वाचावंच. कारण 'वाईट बाई' हे नाव कोण ठेवतं आणि कधी ठेवतं, हे विचारायला आमच्या घरात कोणी शिकवलं नाही. मलाही नाही. त्या दिवशी ओट्यावर चहाचा ट्रे घेऊन मी उभी होते. फुईने माझ्याकडे पाहिलं होतं. नुसतं पाहिलं. मी कप ठेवले आणि आत गेले.

दादावर लिहायला बसले होते, पण राग उतरतोय. शाईची डबी आतून त्यानेच आणली होती, बाबांनी सांगितलं म्हणून. तेव्हा त्याला तरी काय कळत होतं. आज फोन मात्र त्याने स्वतःच्या मनाने घेतला. उद्या तो परत देईल, मी बघते.

आखाजी सरली तरी चालेल, उद्या सकाळच्या एसटीने मी आणि भाची धरणगावला निघतोय, फुईला आणायला. आमरसाचा डबा भरून फ्रिजमध्ये ठेवलाय. भाचीला एकच काळजी आहे, फुईआजीला ती सम्राज्ञीची गोष्ट अहिराणीत कशी सांगायची. मगाशी अंथरुणात पडल्या पडल्या 'घटस्फोटा'ला अहिराणीत काय म्हणतात ते विचारत होती. मी म्हटलं, फुईलाच विचार.