तो रे तो, तो नाही का, नेहमी पोलीस असतो तो!

2025 च्या ऑगस्टमध्ये नट अच्युत पोतदार गेले तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला, "कहना क्या चाहते हो वाले सर गेले". खाली रडक्या इमोजींची रांग. फोटो होता, डायलॉग होता, नाव मात्र कुणीच टाकलं नव्हतं. माणूस नव्वदीचा होऊन गेला, सव्वाशेच्या वर सिनेमे करून गेला, आणि श्रद्धांजलीत सुद्धा स्वतःच्या नावाने जायचं नशिबात नाही म्हणजे कमाल आहे.

बरं पोतदारांचा बायोडेटा बघा. आधी मध्य प्रदेशात रेवाला प्राध्यापक, मग लष्करात, तिथून कॅप्टन होऊन बाहेर, मग इंडियन ऑइलमध्ये जवळजवळ पंचवीस वर्षं ऑफिसरची नोकरी, आणि सिनेमात आले ते चाळिशी उलटल्यावर. म्हणजे थ्री इडियट्समधले ते सर खरोखरचे सर होते, उगाच चष्मा लावून उभे केलेले नव्हते. आणि तो सीन परत एकदा नीट बघा, जोक आमिरच्या तोंडी आहे, पुस्तकाची ती लांबलचक व्याख्या तो धाडधाड म्हणतो, पण आपण हसतो कधी? पोतदारांचा चेहरा दिसतो तेव्हा. वैतागलेत, गोंधळलेत, पण "आता मी विनोदी वैतागणार आहे" असला काही प्रकार नाही, वर्गात दहा मिनिटं राहिलेली असताना पोर्शन संपवायचा असलेल्या मास्तरची खरीखुरी कटकट आहे ती. त्यांनी तिथे जरा जरी भुवया जास्त उडवल्या असत्या ना तरी सीन गेला असता. आता त्यांच्या त्या "कहना क्या चाहते हो"वर अख्ख्या देशाने मीम्स केली. रंगीलामध्ये उर्मिलाचे बाबा पण हेच, हे किती जणांच्या लक्षात आहे सांगा.

माझं म्हणणं असं आहे की हिंदी सिनेमा आपण हिरोसाठी बघतो पण त्यातल्या जगावर विश्वास बसतो तो ह्या छोट्या रोलवाल्या लोकांमुळे. दीवार घ्या, 1975 चा. अमिताभ, शशी कपूर, निरुपा रॉय, परवीन बाबी, नीतू सिंग, इथपर्यंत सगळ्यांना पाठ. आता पुढे चला. पोरांना सोडून गेलेला तो युनियन लीडर बाप म्हणजे सत्येन कप्पू. त्याच वर्षी शोलेमध्ये ठाकूरचा रामलाल तोच. गोदीतले रहीम चाचा, ज्यांच्यामुळे 786 चा बिल्ला आपल्याला कळला, ते युनूस परवेझ. गोदामात ज्याला "पीटर" म्हणून हाक मारून अमिताभने धुतला तो मोहन शेरी. पीटर हे नाव भारतातल्या प्रत्येक पानवाल्याला माहितीये, मोहन शेरी कुणालाच नाही! आणि ब्रेड चोरणाऱ्या पोराचे मास्तर वडील ए. के. हंगल, ते एकटेच काय ते नावाने ओळखले जातात, ते पण शोलेच्या कृपेने.

आणि दीवारमधली खरी गंमत वेगळीच आहे. त्यातला स्मगलर दावर म्हणजे इफ्तेखार आणि त्याच्या बाजूचा जग्गी म्हणजे जगदीश राज. जन्मभर खाकी घालून फिरणारे दोन माणूस, आणि ह्या एका सिनेमात दोघंही चोरांच्या पार्टीत! जगदीश राज तर इतक्या वेळा पोलीस झाले की 144 सिनेमांत पोलीस म्हणून गिनेस बुकात नाव गेलं. जगात दुसऱ्या कुठल्या नटाला एकाच साच्यात एवढ्या वेळा ओतलेलं नाही म्हणून. आता गिनेसवाल्यांना नाव माहिती, आपल्याला नाही. आपण म्हणणार "अनिता राजचे वडील".

इफ्तेखारबद्दल थोडं जास्त लिहितो कारण माझा तो लाडका. हा माणूस मुळात चित्रकार. अशोक कुमारला पेंटिंग शिकवलं ते ह्यांनी. पडद्यावर आले की सीनमधला आरडाओरडा आपोआप खाली यायचा, कमिशनर असू देत, डॉक्टर असू देत, वकील असू देत. दीवारमध्ये तो बूटपॉलिशवाला पोरगा, म्हणजे लहानपणीचा अमिताभ, फेकलेले पैसे उचलत नाही तेव्हा दावर त्याच्याकडे कसा बघतो बघा. राग नाही, कौतुकाचा मोठा आव नाही, नुसता हिशोब चाललाय डोक्यात, की हा पुढे आपल्या उपयोगाचा आहे. त्या नजरेमुळे पुढचा अख्खा पिक्चर पटतो, नाहीतर गोदीतल्या हमालाला एवढा मोठा स्मगलर आपला वारस का करेल हो? तिथे एखादा नेहमीचा गुरगुरणारा व्हिलन टाकला असता तर पोरगा गुंडाच्या नादी लागला एवढंच वाटलं असतं.

आता आपल्या मराठी लोकांचं बघू. ह्या चेहऱ्यांमध्ये मराठी माणसं एवढी का, ह्याचं माझ्या मते कारण साधं आहे. मुंबईत नाटकाची परंपरा, म्हणजे पाठांतर चोख, आवाज खणखणीत, एका टेकमध्ये ओके. वर बहुतेकांचं मुंबई-ठाण्यातच घर, बाहेरगावाहून बोलवायची भानगड नाही. आणि तिसरी गोष्ट म्हणजे नोकरी. रवी पटवर्धन रिझर्व्ह बँकेत, जयराम कुलकर्णी पुणे आकाशवाणीवर, पोतदार इंडियन ऑइलमध्ये. महिन्याचा पगार चालू असला की माणसाला हिरो व्हायची घाई नसते आणि दोन दिवसांच्या रोलची लाज पण वाटत नाही. प्रोड्यूसरला अजून काय पाहिजे!

म्हणूनच ती "उपेक्षित कलावंत, इंडस्ट्रीने न्याय दिला नाही" टाइप पोस्ट आली की मला चीड येते. काहींचे हाल झाले, मान्य, ते नाकारत नाहीये. पण सरसकट सगळ्यांना बिचारे करून टाकायचं म्हणजे त्यांच्या कामाचा अपमान आहे. रवी पटवर्धनांनी आरण्यक नाटकात धृतराष्ट्र केला होता सत्तरच्या दशकात, आणि तोच धृतराष्ट्र ऐंशी ओलांडल्यावर परत उभा केला. ह्या माणसाला बिचारा म्हणायची तुमची आमची लायकी आहे का?

आणि मजा बघा, हीच माणसं नाटकात असली की त्यांना नाव असतं. पेपरातल्या जाहिरातीत असतं, पडदा उघडायच्या आधीच्या अनाउन्समेंटमध्ये असतं. "शांतेचं कार्टं"मधली शांता नयनतारा, हे नाटक बघणाऱ्याला पाठ. आणि बनवाबनवीत काय? "त्या लीलाबाई काळभोर गं". विजू खोटे तर कालिया म्हणूनच जगले, मग अंदाज अपना अपना आल्यावर रॉबर्ट झाले, प्रमोशन म्हणा हवं तर. झपाटलेलामध्ये तात्या विंचूला मृत्युंजय मंत्र देणारा बाबा चमत्कार महाराष्ट्रातल्या प्रत्येक पोराला माहिती, राघवेंद्र कडकोळ हे नाव सांगितलं तर लोक विचारतात कोण, शेजारी राहतात का.

प्रेक्षकाला शिव्या देऊन उपयोग नाही पण, दोष टायटल्सचा आहे. पूर्वी सुरुवातीला नावं यायची, त्यात मोठ्यांना स्वतंत्र पाटी आणि ह्या सगळ्यांना एका पाटीवर दहा-बारा जण कोंबलेले, वाचेपर्यंत पुढची पाटी. म्युझिक डायरेक्टरचं नाव येईपर्यंत आपण सीट शोधत असायचो. आता नावं गेली शेवटी. थिएटरात ती सुरू झाली की लाइट लागतात, दारं उघडतात, झाडूवाले आत येतात. टीव्हीवर तेवढ्यात जाहिरात. ओटीटीवर तर नावं सुरू झाली रे झाली की चौकोन छोटा होऊन कोपऱ्यात जातो आणि पुढचं काय बघणार म्हणून विचारतात. अरे बाबा, हेच बघायचंय मला!

शिवाय भूमिकेचं नाव एकीकडे, नटाचं दुसरीकडे, आणि चेहरा कुठेच नाही. दोन मिनिटांच्या रोलवाल्याला लोक ओळखणार कसे? जुन्या काही सिनेमांत शेवटी प्रत्येकाचा चेहरा आणि खाली नाव यायचं, तेवढं परत सुरू केलं तरी पुष्कळ होईल, खर्च तर काहीच नाही. प्राइमवर एक्स-रे म्हणून एक सोय आहे, पॉज केलं की त्या सीनमध्ये कोण कोण आहे ते येतं. मी ती सारखी वापरतो. आमच्या घरी त्यावरून भांडणं होतात, कारण ऐन क्लायमॅक्सला हिरोने बंदूक काढलेली असते आणि मला मागे उभ्या असलेल्या हवालदाराचं नाव हवं असतं. रिमोट सध्या बायकोकडे आहे.