‘कॅनिबल होलोकॉस्ट’मध्ये कोण मेले आणि कोण नाही

विश्रामबागेत राहणारा माझा भाचा अकरावीत आहे. त्याने पाठवलेला एक संदेश गेल्या पंधरवड्यात मला आणखी तीन ठिकाणांहून आला. त्यांतले एक ठिकाण म्हणजे आमच्या सोसायटीचा गट, जिथे एरवी पाण्याच्या टँकरखेरीज दुसरा विषय निघत नाही. संदेशाचा आशय असा : १९८० सालचा ‘कॅनिबल होलोकॉस्ट’ हा इटालियन चित्रपट म्हणजे चित्रपट नसून घडलेला प्रकार आहे, ॲमेझॉनच्या जंगलात गेलेल्या चार जणांना नरभक्षक टोळीने मारून खाल्ले आणि त्यांच्या कॅमेऱ्यात सापडलेली रिळेच आपण पाहतो, दिग्दर्शकाला खुनाबद्दल जन्मठेप झाली, पन्नास देशांत चित्रपटावर बंदी आहे, त्या काळात ग्राफिक्स नव्हते, मग एवढे हुबेहूब कसे दाखवले, आणि त्यात मारलेली जनावरे खरी आहेत, तर माणसे तेवढी खोटी कशी?

या संदेशातली प्रत्येक ओळ खोटी असती, तर मी त्याच्या वाटेला गेलो नसतो. परंतु त्यात खऱ्याखोट्याची अशी सरमिसळ आहे की, वाचणारा जिथे हळहळायला हवे तिथे थांबत नाही आणि जिथे कोणी मेलेलेच नाही तिथे अंगावर काटा आणून बसतो.

प्रथम रिळांविषयी. चार जणांचे चित्रीकरण-पथक जंगलात नाहीसे होते आणि एक मानववंशशास्त्रज्ञ त्यांची रिळे परत आणतो, ही या चित्रपटाची कथा आहे. ती जान्फ्रान्को क्लेरिचीने लिहिली, रुजेरो देओदातोने दिग्दर्शित केली, आणि तिला रिझ ऑर्तोलानीचे इतके गोड संगीत आहे की, प्रत्यक्ष पुराव्याला पार्श्वसंगीत कोणी दिले, एवढा एक प्रश्नही संदेश पुढे ढकलणाऱ्याला पडायला हवा होता. ‘सापडलेली’ रिळे म्हणून जो भाग दिसतो तो सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर, हातात कॅमेरा धरून घेतलेला आहे आणि त्यावर ओरखडे मुद्दाम पाडलेले आहेत. उरलेला भाग पस्तीस मिलिमीटरवर नीटनेटका चित्रित केला आहे. दोहोंतला फरक डोळ्यांना जाणवावा आणि खरखरीत ते खरे वाटावे, हाच त्यामागचा हिशेब होता. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मिरजेच्या एका व्हिडिओ पार्लरमध्ये मी हा चित्रपट पाहिला तेव्हा कॅसेटच इतकी झिजलेली होती की, दोन्ही भाग सारखेच खरे वाटले; त्यामुळे फसलेल्यांना हसण्याचा अधिकार मला नाही.

‘मेलेल्या’ चौघांपैकी एक लुका बार्बारेस्की. हे गृहस्थ २००८ साली इटलीच्या संसदेत खासदार म्हणून निवडून आले. या मुद्द्यावर याहून अधिक लिहिण्याची गरज मला वाटत नाही.

जन्मठेपेची गोष्ट मात्र हवेतून आलेली नाही. ७ फेब्रुवारी १९८० रोजी मिलानमध्ये चित्रपट प्रदर्शित झाला आणि दहा दिवसांतच दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने जप्त झाला. सुरुवातीचा आरोप अश्लीलतेचा होता. पुढच्या वर्षाच्या प्रारंभी एका फ्रेंच नियतकालिकाने पडद्यावरचे काही मृत्यू खरे असावेत अशी शंका छापली आणि खुनाचा संशय देओदातोच्या गळ्यात पडला. त्यातही ही आपत्ती त्याने स्वतःच ओढवून घेतलेली होती. ते खरोखर मेले असावेत असे वाटावे म्हणून कलावंतांनी वर्षभर कुठल्याही चित्रपटात वा जाहिरातीत दिसायचे नाही, असा करार त्याने त्यांच्याकडून करून घेतला होता. मग त्यालाच बार्बारेस्कीला गाठून बाकीच्यांना गोळा करावे लागले आणि चौघांना जिवंत समोर उभे करावे लागले. खुनाचा आरोप तिथे संपला. शिक्षा झाली ती अश्लीलता आणि प्राण्यांशी क्रौर्य या कारणांसाठी, चार महिन्यांची आणि तीही निलंबित. १९८४ साली इटलीतली बंदीही उठली. देओदातो २०२२ च्या डिसेंबरात वारला, तोपर्यंत तो चित्रपट महोत्सवांतून हीच हकिगत रंगवून सांगत असे.

‘पन्नास देशांत बंदी’ हे जाहिरातीतले वाक्य आहे. अनेक देशांत या चित्रपटावर बंदी आली किंवा कात्री चालली, हे खरे. पण अशा चित्रपटांच्या धंद्यात बंदी ही लपवण्याची नव्हे, मिरवण्याची गोष्ट होती. पुढच्याच वर्षी आलेल्या उम्बेर्तो लेन्झीच्या ‘कॅनिबल फेरॉक्स’च्या अमेरिकी जाहिरातीत ‘३१ देशांत बंदी’ असे ठळक अक्षरांत छापले होते. त्याआधी १९७६ साली ‘स्नफ’ नावाच्या एका टुकार चित्रपटाच्या वितरकाने, शेवटचा खून खरा आहे अशी आवई उठवली आणि चित्रपटगृहाबाहेर भाडोत्री निदर्शकही उभे केले. अखेर मॅनहॅटनच्या सरकारी वकिलाने चौकशी केली, तेव्हा ती ‘खून झालेली’ नटी धडधाकट सापडली. आज आपण जो संदेश फुकट पुढे पाठवतो, त्यासाठी तेव्हा निर्मात्यांना पैसे मोजावे लागत, एवढाच फरक.

आता ग्राफिक्सचा प्रश्न. संदेशासोबत फिरणारे छायाचित्र एका सुळावर चढवलेल्या मुलीचे आहे. खांब अंगातून आरपार जाऊन तोंडातून बाहेर आलेला दिसतो. त्यासाठी जे लागले ते आपल्याकडच्या कोणत्याही सायकलच्या दुकानात मिळेल. लोखंडी खांबाच्या टोकाला सायकलची सीट बसवली, मुलगी तिच्यावर बसली, हलक्या बाल्सा लाकडाचा टोकदार तुकडा तिने दातांत धरून मान वर केली आणि वरून लाल रंग ओतला. न्यायालयापुढेही देओदातोने हेच उलगडून सांगितले. युक्तीचा सारा भार त्या मुलीच्या निश्चल बसण्यावर आहे. पैसा नसला की डोके चालते, हे आपल्या भागाला कोणी शिकवायला नको. १९७२ साली रामसे बंधूंनी आपला पहिला गाजलेला भयपट ‘दो गज जमीन के नीचे’ महाबळेश्वरच्या विश्रामगृहात, घरच्याच माणसांना हाताशी धरून चित्रित केला. धुके आणि झाडी सातारा जिल्ह्याने पुरवली. आणि आमच्या सांगलीतच १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी नाटक उभे केले, तेव्हापासून या परंपरेतले राक्षस ‘अलल डुर्र’ अशी आरोळी ठोकत रंगभूमीवर धावून येत आणि पोरे आयांच्या पदराआड लपत. म्हणून तलवारीने खरोखर मुंडके उडाले, असे त्या प्रेक्षकांपैकी कोणी दुसऱ्या दिवशी पेठेत सांगत सुटल्याचे ऐकिवात नाही.

नरभक्षक टोळीच्या मुद्द्यावर मला जरा रेंगाळावेसे वाटते, कारण या साऱ्या प्रकरणात खरा अन्याय जिवंत माणसांवर झाला असेल तर तो इथे. चित्रीकरण झाले कोलंबियातल्या लेटिसिया या गावाच्या आसपास, पेरू आणि ब्राझीलच्या सीमांना टेकलेल्या ॲमेझॉनच्या काठावर. पडद्यावर दिसणारे आदिवासी तिथलेच, कामाला बोलावलेले लोक. मात्र त्यांना नाव दिले यानोमामोंचे, जे तिथून शेकडो किलोमीटर दूर, व्हेनेझुएला आणि ब्राझील यांच्या सीमेवरच्या अरण्यात राहतात. चित्रपट त्यांना झाडांवर वसवतो. प्रत्यक्षात ते शाबोनो नावाच्या मोठ्या वर्तुळाकार सामायिक घरात राहतात आणि केळीच्या बागा लावतात. माणसाची शिकार करून त्याला खाणे त्यांच्यात नाही. आहे ते असे : मृताचे दहन झाल्यावर नातलग त्याची हाडे कुटून राख करतात, केळ्याच्या कढणात कालवून पितात आणि आपल्या माणसाला मातीत सोडून न देता आपल्यात सामावून घेतात. आपण कृष्णेच्या पाण्यात अस्थी सोडतो, ते त्यांना कदाचित निर्दयपणाचे वाटेल. आणि जंगलात कोण कोणाला मारते, याचा दाखला हवाच असेल तर तो १९९३ चा आहे. ब्राझीलमधून घुसलेल्या सोन्याच्या खाणवाल्यांनी हाशिमु येथे सोळा यानोमामोंना ठार केले, आणि ब्राझीलच्या न्यायालयाने तो वंशसंहार ठरवला. त्या सोळा जणांची चित्रफीत आमच्या गटावर कधी आलेली नाही.

राहिला शेवटचा युक्तिवाद : जनावरे खरी, म्हणून माणसेही खरी. यातला पूर्वार्ध अगदी खरा आहे, आणि चित्रपटाचे चाहते तोच झाकू पाहतात. एक कोआटी (लांब नाकाचा, रॅकूनच्या जातीतला छोटा प्राणी), एक मोठे नदीकासव, एक कोळी, एक बोआ साप, एक डुक्कर आणि छोटी माकडे कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष मारण्यात आली. कासवाचे दृश्य झाल्यावर त्यातला एक नट रडला, असे सांगतात. परंतु या पूर्वार्धावरून उत्तरार्ध काढणे म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणे होय. खऱ्या रक्ताशेजारी खोटे रक्त ठेवले की खोट्यालाही खऱ्याचा वास येतो. जनावरांचे मरण देओदातोने नेमके त्यासाठीच वापरले. २०११ साली ब्रिटनच्या चित्रपट-परीक्षण मंडळाने हा चित्रपट संमत करताना पंधराच सेकंद कापले, आणि ते पंधरा सेकंद कोआटीच्या हत्येचे होते. सुळावरची मुलगी जशीच्या तशी राहिली, कारण तिथे कोणालाच काही झालेले नव्हते.

आणखी एक गोष्ट संदेश लिहिणाऱ्याच्या नजरेतून पूर्णपणे सुटली आहे. या चित्रपटात माणसांचे खरे मृत्यू आहेत. नायक-पथकाने पूर्वी बनवलेला माहितीपट म्हणून एक तुकडा दाखवला जातो. त्यात गोळ्या घालून दिलेल्या देहदंडाची दृश्ये आहेत आणि ती नायजेरिया व आग्नेय आशियातल्या जुन्या वार्ताचित्रणातून उचललेली आहेत. कथेतली एक अधिकारी स्त्री मात्र लगेच सांगते की, तो सगळा बनाव होता. म्हणजे हा चित्रपट खऱ्या मरणाला बनाव म्हणतो आणि बनावाला खरे मरण म्हणून विकतो. आणि पंचेचाळीस वर्षांनंतर संदेश पाठवणारा तोच सौदा जसाच्या तसा पत्करतो.

बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीतल्या जिवंत नागांवरून या जिल्ह्यात न्यायालयापर्यंत वाद गेले, घराघरांत भांडणे झाली. त्यामुळे खेळात वापरलेल्या मुक्या जिवाचा प्रश्न इथल्या वाचकाला किरकोळ वाटण्याचे कारण नाही. भाच्याला मी हे सारे फोनवर सांगितले, तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “पण मामा, पडद्यावर तर एकच माकड मरतं. तू माकडं म्हणालास.” मी त्याला सांगितले की, दृश्य दोनदा घेतले होते.