तारा बदलायच्या आहेत

नाशिकमध्ये बेस गिटार वाजवणारी माणसं थोडी आहेत, आणि शहराच्या दृष्टीनं ते बरंच आहे. थोडी असल्यामुळे ती एकमेकांना ओळखतात, ओळखतात म्हणून रविवारी सकाळी मखमलाबाद रोडला मिसळ खायला जमतात, आणि जमल्यावर मिसळ सोडून बाकी सगळ्या गोष्टींवर त्यांचे मतभेद होतात.

मी त्यांच्यातलाच. दिवसा अंबड एमआयडीसीत नोकरी, आणि लग्नसराईत गंगापूर रोडच्या लॉन्सवर जुन्या हिंदी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात बेस. बेसवाल्याची जागा मागे, ड्रमच्या बगलेत, जिथे व्हिडिओवाल्याचा लाइट पोचत नाही. वरपक्षाकडचा एखादा पाहुणा आइस्क्रीमचा कप घेऊन फिरत फिरत तिथवर येतो आणि विचारतो, “दादा, तुमच्या गिटारच्या दोन तारा तुटल्यात का?” मी हो म्हणून टाकतो. साध्या गिटारला सहा तारा, बेसला मुळातच चार, हे खरं सांगत बसलो तर त्याचं आइस्क्रीम वितळेल.

तर उरलेल्या त्या चार तारा मला बदलायच्या होत्या. बाकी काही नाही. बेसची तार जाड असते, तिच्यावर दुसऱ्या बारीक तारेचे वेढे असतात आणि त्या वेढ्यांत बोटांचा घाम, तेल, मे महिन्यातल्या लग्नांची धूळ असं सगळं जाऊन बसतं. हळूहळू आवाजातली धार जाते. आधी ‘ठण्ण’ वाजणारी तार मग ‘थप’ वाजायला लागते. चांगला सेट घ्यायचा तर दोन-अडीच हजार रुपये लागतात, म्हणून म्हटलं, घेण्याआधी जाणकारांना विचारावं.

पहिल्यांदा बोलले ते प्रिसिजनवाले काका. आमच्यात माणसं आडनावानं नाही, वाद्यानं ओळखली जातात. काका नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यातून निवृत्त झालेत. आयुष्यभर कोऱ्या करकरीत नोटा पाहिल्या म्हणून असेल, पण नव्या कशावरही त्यांचा विश्वास नाही.

“बदलायच्या? कशाला? तुटल्यात का?”

“तुटल्या नाहीत काका, आवाज बसलाय.”

“बसलेला आवाज म्हणजेच बेस!”

काकांच्या देव्हाऱ्यात एकच देव आहे, जेम्स जेमर्सन. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीची साठच्या दशकातली कितीतरी गाजलेली गाणी या माणसानं वाजवली, १९६२ च्या प्रिसिजन बेसवर, फ्लॅटवाउंड, म्हणजे चपट्या वेढ्यांच्या गुळगुळीत तारा लावून, आणि तुटल्याशिवाय तार कधी बदलली नाही. वाजवली तीही उजव्या हाताच्या एकट्या तर्जनीनं. काकाही एकाच बोटानं वाजवतात. दुसऱ्याला संधिवात आहे, पण ते आपण काढायचं नाही. त्यात पंचमदांच्या वाद्यवृंदातल्या टोनी वाझचा विषय निघाला, की मग पाव गार होतात.

“जेमर्सननं बदलल्या असत्या तर अजून भारी वाजला असता,” जॅझवाला म्हणाला.

जॅझवाला पंचविशीचा आहे, तेव्हा हे अज्ञानातून झालं असं धरून काकांनी त्याला माफ केलं. फक्त त्याच्या ताटलीतला पापड उचलला.

इथे एक खुलासा करायला हवा. प्रिसिजन आणि जॅझ या दोन्ही बेस गिटारी एकाच माणसाच्या, लिओ फेंडरच्या. पहिली १९५१ ची, दुसरी १९६० ची. त्याआधी बेस म्हणजे माणसाएवढा उंच डबल बेस, त्याला पडदे, म्हणजे सुराची जागा दाखवणाऱ्या मानेवरच्या आडव्या पट्ट्या नाहीत, सूर अंदाजानं शोधायचा. फेंडरनं पडदे बसवले, सूर नेमका लागायला लागला, म्हणून नाव प्रिसिजन. गंमत म्हणजे फेंडरला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. मला तर वाटतं म्हणूनच त्याच्या हातून काही काम झालं. येत असती तर तोही एखाद्या मिसळीच्या टेबलावर बसून राहिला असता.

जॅझ बेसला दोन पिकअप (तारांची थरथर टिपून अॅम्पकडे पाठवतात ते), मान निमुळती, आवाज जरा नाकातला. पण आमच्या जॅझवाल्यानं ती घेतली ती जेको पास्तोरियस या बेसवादकासाठी. या जेकोनं आपल्या जॅझ बेसचे पडदे काढून टाकले, फटी बुजवल्या आणि बोटीच्या लाकडाला देतात ते इपॉक्सी वर चढवलं. म्हणजे फेंडरनं एवढा खटाटोप करून पडदे बसवले ते यानं उपटले, आणि जगानं दोघांनाही डोक्यावर घेतलं. आमच्या पोरानं हे वाचलं आणि घरातली पक्कड काढली. आता त्याच्या बेसवर सूर जेकोसारखाच अंदाजानं शोधावा लागतो, फरक एवढाच की जेकोला सापडायचा. त्याची आजी पूर्वी गाणं शिकलेली. आतल्या खोलीतून ती ओरडते, “अरे, गंधार उतरलाय तुझा!” तो हेडफोन लावतो. पण त्यानं आजीला ऐकू यायचं थांबत नाही, अॅम्प चालूच असतो.

“तुम्ही राउंडवाउंड घ्या दादा, गोल वेढ्यांच्या,” तो म्हणाला. “स्टीलच्या. ‘द हू’ या रॉक बँडच्या बेसवाल्या जॉन एन्टविसलनं १९६६ मध्ये रोटोसाउंड कंपनीच्या मागे लागून बनवून घेतल्या होत्या. पियानोसारख्या वाजतात.”

“मग पियानोच घे की,” काका म्हणाले.

तिसरे आमचे डॉक्टर. कॉलेज रोडला त्यांचा दातांचा दवाखाना आहे आणि खांद्याला सहा तारांचा बेस. सहा तारांचा बेस ही अँथनी जॅक्सन या वादकाची कल्पना, पहिला १९७५ मध्ये बनला. डॉक्टरांचा अर्थातच त्याहून महाग आहे. त्याची सगळ्यात जाड तार सेकंदाला एकतीस वेळा थरथरते. आमच्या ऑर्केस्ट्रातल्या एकाही गाण्याला ती लागत नाही, पण डॉक्टर म्हणतात असलेली बरी. अक्कलदाढेबद्दल मात्र ते असं म्हणत नाहीत.

“कोटेड तारा घ्या,” डॉक्टर म्हणाले. “वरून पातळ थर असतो, घाण आत जातच नाही. दातांचंही तेच आहे. आणि खरं सांगू का, तारांनी फार फरक पडणार नाही. तुमचा बेस…”

इथे ते थांबले. माझा बेस यामाहाचा आहे, त्यामुळे असं थांबणं मला पाठ आहे. यामाहाबद्दल आमच्यात कोणीच वाईट बोलत नाही. स्थळ सांगताना ‘मुलगा स्वभावानं चांगला आहे’ म्हणतात ना, त्या सुरात “चांगला असतो यामाहा” एवढं म्हणतात. घरी तर निराळाच प्रकार. माझे सासरे वर्षानुवर्षं लोकांना सांगतात, “जावई यामाहा वाजवतात,” आणि ऐकणारा हॉर्नचा विचार करतो. मी मागे त्यांना समजावलं होतं, की ही कंपनी मूळची वाद्यांचीच, १८८७ मध्ये ऑर्गनपासून सुरू झालेली, गाड्या फार नंतर आल्या, टाकीवरच्या चिन्हात बघा, तीन ट्युनिंग फोर्क आहेत. सासरे ते चिन्ह बघायला खाली पार्किंगमध्ये गेले आणि वर येऊन म्हणाले, “पण अॅव्हरेज काय देते?”

तरी एक मुद्दा असा आहे, ज्यावर आमच्या टेबलाचं एकमत होतं. थोर बेस चोरीला जातो. जेमर्सनचा त्याच्या मृत्यूच्या थोडं आधी गेला, तो सापडलाच नाही. जेकोचा १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका बागेतून गेला आणि वीसेक वर्षांनी उगवला. पॉल मॅकार्टनीनं १९६१ मध्ये हॅम्बुर्गला घेतलेला व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर १९७२ मध्ये लंपास झाला, तो पन्नास वर्षांनंतर परत मिळाला. हे सांगताना काकांचा आवाज दाटून येतो. आणि दर वेळी जॅझवाला माझ्याकडे वळून म्हणतो, “दादा, तुमचा नाशिकरोड स्टेशनवर ठेवला तरी जागचा हलणार नाही.”

असो. तारांचं काही ठरेना, तेव्हा जॅझवाल्यानं खिशातून मोबाइल काढला. त्यानं तीन प्रकारच्या तारा लावून एकच तुकडा तीनदा वाजवून रेकॉर्ड केला होता. म्हणाला, आता कानांनीच ठरवा. मोबाइल मधोमध, रश्श्याच्या भांड्याला टेकवून उभा केला. आम्ही डोळे मिटले. मागे मिक्सरवर वाटण चाललं होतं.

“पहिली!” काका म्हणाले. “काय गोलाई आहे.”

“दुसरी,” डॉक्टर म्हणाले. “तळ बघा किती भरीव.”

साध्या चार तारांच्या बेसची जाड तार मोकळी वाजवली तर आवाज साधारण ४१ हर्ट्झचा असतो, आणि मोबाइलचा नखाएवढा स्पीकर तिथपर्यंत खाली उतरूच शकत नाही. त्यातून बाहेर येतात ते फक्त वरचे उपस्वर. खालचा सूर मग मेंदू पदरचा घालतो. त्या टेबलावर खरा बेस कोणी ऐकलाच नव्हता. जो तो आपापल्या डोक्यातल्या बेसची तारीफ करत होता आणि शेजारच्याच्या डोक्यातल्याला नावं ठेवत होता. मी हे बोलून दाखवलं. तिघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. काका म्हणाले, “तुला नाही ऐकू येणार. यामाहा वाजवून कान तसे होतात.”

तेवढ्यात पलीकडच्या रस्त्यानं ढोलपथकाचा सराव सुरू झाला आणि ग्लासातलं ताक थरथरायला लागलं. नाशिकचा ढोल! त्याला ना पिकअप, ना अॅम्प, ना कोटिंग. आम्ही चौघंही काही वेळ गप्प बसून ताकाकडे पाहत राहिलो.

निघताना डॉक्टरांनी हळूच एक उपाय सांगितला: तारा उकळा. हा काही त्यांचा शोध नाही, नव्या सेटचे पैसे नसले की जगभरचे बेसवाले हेच करतात. पाण्यात दहा मिनिटं उकळल्या की वेढ्यांतला मळ सुटतो आणि धार थोडे दिवस परत येते. डॉक्टरांना उकळायची सवयच असते.

घरी बायको दुपारची झोपली आहे असं बघून मी ओट्याशी गेलो. चारही तारांची गोल वेटोळी करून पातेल्यात सोडली. पाच-सात मिनिटांत पाण्यावर राखाडी तवंग आला, त्यात एक निळी झाक. ती बहुतेक मागच्या रंगपंचमीच्या कार्यक्रमाची असावी. वास म्हणाल तर ओल्या नाण्यांचा, आणि त्यामागे पुसटसा बिर्याणीचा. मी चिमट्यानं जाड तार वर उचलून उजेडात धरली होती आणि वेढ्यांतून थेंब कसे काळे होऊन उतरतात ते बघत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला.

“अहो, काय शिजवताय?”

“तारा.”

तिनं पातेल्यात पाहिलं. “दुधाचं आहे ते.”

“घासून देतो.”

“घासू नका. तुमच्या त्या मिसळवाल्यांना द्या आहेर म्हणून. आणि या किती दिवस वाजतील आता?”

“आठवडाभर.”

“आठवड्यासाठी आठशेचं पातेलं?” ती म्हणाली. तारांच्या अर्थशास्त्रावर इतकं नेमकं बोलणारं आमच्या टेबलावर कोणी नाही.

शेवटी ऑफिसातला एक सहकारी पंचवटी एक्स्प्रेसनं मुंबईला निघाला होता, त्याला पैसे दिले आणि म्हटलं, धोबी तलावला जाऊन बेसच्या चार तारा आण, दुकानदार देईल त्या. त्यानं आणल्या. निकेलच्या राउंडवाउंड, ना काकांच्या, ना जॅझवाल्याच्या, ना डॉक्टरांच्या. लावल्या, आणि पहिल्याच झटक्याला खिडकीचं तावदान बोललं. त्या रात्री लॉन्सवर ड्रमवाल्यानं चक्क मान वळवून माझ्याकडे पाहिलं. आमच्यात यापेक्षा मोठी दाद नसते. साउंडवाल्यानं मात्र सवयीनं माझी लाइन निम्म्यावर आणली.

रविवारी मी जाहीर केलं, की तारा बदलल्या, विषय संपला.

“गेज काय?” डॉक्टरांनी विचारलं.

“पंचेचाळीस ते एकशे पाच.”

गेज म्हणजे तारेची जाडी, ती इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. जाड तार एकशे पाच, म्हणजे अडीच मिलिमीटरच्या किंचित वर. हलक्या सेटमध्ये ती शंभराची असते. फरक केसाएवढा.

“एकशे पाच?” जॅझवाल्यानं चमचा खाली ठेवला. “शंभर का नाही?”

“कारण ती तार आहे, शेवई नाही,” काका म्हणाले, आणि पोऱ्याला हाक मारून त्यांनी आणखी दोन पाव मागवले.