सुनावणी कुठल्याच पायरीवर नव्हती

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० माणसांना काटेरी तारांमागे डांबलं. त्यातले दोन तृतीयांश जन्माने अमेरिकी नागरिक होते. विषय निघाला की 'पर्ल हार्बरनंतर लोक भडकले होते, त्या भरात झालं' असं म्हणून तो मिटवला जातो. मला हे अजिबात पटत नाही. हल्ला झाला ७ डिसेंबर १९४१ ला, आणि राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी कार्यकारी आदेश ९०६६ वर सही केली १९ फेब्रुवारी १९४२ ला. मधे दहा आठवडे गेले होते. रागाच्या भरात केलेल्या कामाला इतका वेळ लागत नाही. हे फायली फिरवून, टप्प्याटप्प्याने केलेलं काम होतं. ते कसं केलं हे पाहिल्याशिवाय त्यातला अन्याय पुरता कळत नाही.

त्या आदेशात जपानी लोकांचा उल्लेखच नाही. लष्करी अधिकाऱ्यांनी 'लष्करी क्षेत्रं' ठरवावीत आणि तिथून कोणालाही बाहेर काढावं, एवढाच अधिकार त्यात दिला आहे. वंश आला तो खालच्या पायरीवर, पश्चिम किनाऱ्याचे सेनापती जॉन डेविट यांच्या जाहीरनाम्यांत. २१ मार्चला काँग्रेसने कायदा केला: असा जाहीरनामा मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, ५,००० डॉलरपर्यंत दंड. २७ मार्चपासून रात्री ८ ते सकाळी ६ संचारबंदी लागली. लगेच पुढचा जाहीरनामा आला की किनाऱ्याचा पट्टा आता परवानगीशिवाय सोडायचा नाही. आणि त्यावर भागाभागासाठी हकालपट्टीचे आदेश, एकूण १०८. म्हणजे घरात राहिलात तर गुन्हा, आपल्या पायाने दुसरीकडे गेलात तरी गुन्हा. दोन्ही आदेश पाळायचे तर लष्कर सांगेल तिथे बोचकी घेऊन हजर व्हायचं, एवढीच वाट उरली. हा पेच चुकून पडला असं मला वाटत नाही.

कुठल्या वस्तीत किती जपानी, हे १९४० च्या जनगणनेतून काढलं होतं. खात्याने ब्लॉकवार आकडे लष्कराला दिले. मग विजेच्या खांबांवर, दुकानांच्या भिंतींवर नोटिसा लागल्या. कुटुंबप्रमुखाने ठरलेल्या दिवशी नोंदणी केंद्रावर जायचं. तिथे अख्ख्या कुटुंबाला एक क्रमांक मिळायचा, त्याच्या चिठ्ठ्या सामानाला आणि कोटाला बांधायच्या. सोबत अंथरूण-पांघरूण (गादी चालणार नाही), कपडे, साबण-कंगवा, माणशी ताट-वाटी-चमचा. हातात उचलून नेता येईल तेवढंच. पाळीव प्राणी आणायचे नाहीत. निघायला साधारण आठवडाभराची मुदत. पहिला आदेश सिअॅटलजवळच्या बेनब्रिज बेटावर २४ मार्चला लागला आणि ३० मार्चला तिथली २२७ माणसं बोटीने हलवली. शेतात स्ट्रॉबेरी उभी होती, तोडणीला दोन-एक महिने होते.

आठवड्यात शेत, दुकान, होडी, ट्रॅक्टर विकायचं म्हटल्यावर गिऱ्हाईक काय भाव देणार? त्यात जपानहून आलेल्या मोठ्या पिढीची, म्हणजे इस्सेईंची, बँक खाती गोठवलेली. कॅलिफोर्नियात १९१३ पासून त्यांना शेतजमीन स्वतःच्या नावावर घेता येत नव्हती, कारण आशियाई माणूस नागरिकत्वालाच पात्र नाही असा कायदा होता. (१९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात हाच कायदा भारतीयांनाही लागू झाला.) १९४८ मध्ये नुकसानभरपाईचा कायदा झाला, पण त्याला पुरावे लागत. घाईत घर सोडलेल्या माणसाकडे पावत्या कुठून असणार? जवळपास १४.८ कोटी डॉलरचे दावे आले, मिळाले सुमारे ३.७ कोटी.

आधी त्यांना नेलं रेसकोर्सवर आणि जत्रेच्या मैदानांवर. सांता अनिता आणि टॅनफोरानच्या तबेल्यांना चुना फासून त्यात कुटुंबं ठेवली. घोड्यांच्या लिदीचा वास उन्हाळाभर गेला नाही. मग ओसाड मुलुखातल्या दहा छावण्या: मॅनझनार, टूली लेक, पोस्टन, हिला रिव्हर, टोपाझ, मिनिडोका, हार्ट माउंटन, अमाची, रोवर, जेरोम. साधारण २० बाय १०० फुटांची बराक, तिच्या खोल्या पाडलेल्या. मोठ्या कुटुंबाला २० बाय २५ फूट. एक बल्ब, एक शेगडी, लष्करी खाटा. बांधकाम ओल्या लाकडाचं, वरून डांबरी कागद. लाकूड सुकलं तशा फळ्या आक्रसल्या, फटी पडल्या आणि मॅनझनारची वाळू सरळ अंथरुणात येऊ लागली. लोक डब्यांची झाकणं ठोकून भोकं बुजवत. मोरी आणि संडास सामाईक, सुरुवातीला मधे आडोसाही नाही. पगाराच्या तीन श्रेणी होत्या, महिना १२, १६ आणि १९ डॉलर. आत शस्त्रक्रिया करणारा सर्जन १९ डॉलरवर होता.

या सगळ्यात एक पायरी सापडत नाही: 'माझ्यावर आरोप काय?' असं विचारायची. १९४३ च्या फेब्रुवारीत प्रश्नावली आली, तीही निष्ठा तपासायला. २७ वा प्रश्न: सैन्यात लढाल का? २८ वा: अमेरिकेशी बिनशर्त निष्ठा जाहीर करून जपानच्या सम्राटाशी असलेली निष्ठा सोडाल का? इस्सेईंनी 'हो' म्हटलं तर ते कुठल्याच देशाचे उरत नव्हते. म्हणून त्यांच्यासाठी पुढे शब्द बदलावे लागले. जन्माने अमेरिकी असलेल्या निसेईने 'हो' म्हटलं, तर आधी सम्राटाशी निष्ठा होती असा अर्थ निघायचा. 'नाही' म्हणणाऱ्यांना आणि अटी घालणाऱ्यांना टूली लेकला वेगळं काढलं, म्हातारे आई-बाप आणि मुलं त्यांच्यामागे गेली. दुसरीकडे, छावण्यांतूनच तरुण अमेरिकी सैन्याच्या ४४२ व्या रेजिमेंटमध्ये भरती होऊन युरोपात लढायला गेले.

'लष्करी गरज होती' म्हणणाऱ्यांना माझा एकच प्रश्न आहे: मग हवाई? पर्ल हार्बर तिथलंच, हल्ला तिथे झाला. तिथे लोकसंख्येच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त माणसं जपानी वंशाची होती. त्यांना उचललं असतं तर गोदी आणि ऊसमळे बंद पडले असते. स्थानबद्ध झाले दोन हजारांच्या आसपास. किनाऱ्यावर मात्र जपानी शेतकरी गेले तर गोऱ्या बागायतदारांचा फायदाच होता आणि त्यांच्या संघटना ते उघड बोलत.

मला सर्वांत जास्त चीड येते ती न्यायालयात जे झालं त्याची. हकालपट्टीचा आदेश मोडला म्हणून शिक्षा झालेले फ्रेड कोरेमात्सू १८ डिसेंबर १९४४ ला सर्वोच्च न्यायालयात ६ विरुद्ध ३ मतांनी हरले. सरकारचा युक्तिवाद होता की एकेकाची निष्ठा तपासायला वेळ नव्हता. पण डेविट यांच्या हकालपट्टीवरच्या अहवालाच्या मूळ छापील प्रतीत नेमकं उलट लिहिलं होतं: प्रश्न वेळेचा नव्हताच, या लोकांत बरे-वाईट निवडणंच शक्य नाही. युद्धखात्याने तो मजकूर बदलायला लावला, जुन्या प्रती जाळल्या. एक वाचली. १९८२ मध्ये राष्ट्रीय अभिलेखागारात ती आयको हर्झिग-योशिनागा यांच्या हाती लागली. शाळकरी वयात त्या स्वतः मॅनझनारला डांबल्या गेल्या होत्या. १९८३ मध्ये न्यायाधीश मॅरिलिन पटेल यांनी कोरेमात्सूंची शिक्षा रद्द केली. १९८८ च्या कायद्याने सरकारने माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर दिले. तोवर कित्येक इस्सेई वारले होते.

आपल्याकडे राजस्थानात देवळी आहे. १९४१ मध्ये इंग्रजांनी डांगे, जयप्रकाश यांना तिथे ठेवलं. पुढे मलाया-सिंगापुरातून आणलेली जपानी कुटुंबं आधी दिल्लीच्या पुराण्या किल्ल्यात तंबूंत आणि मग याच देवळीत ठेवली. आणि नोव्हेंबर १९६२ पासून, स्वतंत्र भारतात, आसाम आणि उत्तर बंगालमधल्या चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार माणसांना उचलून त्याच छावणीत आणलं. त्यांत इथेच जन्मलेले होते, लहान मुलं होती. काही जण १९६७ पर्यंत आत होते. खटला त्यांच्यावरही चालला नाही. त्यातली बरीच कुटुंबं पुढे कॅनडाला गेली आणि तिथून त्यांनी माफी मागितली जावी अशी मागणी केली. ती मागणी रास्त आहे. देवळीच्या फायली पूर्ण खुल्या व्हाव्यात, आणि त्या छावणीत लहानपण गेलेली माणसं हयात आहेत तोवर संसदेत त्यांची माफी मागितली जावी.