नदीचं उलटं बारसं

तर मंडळी, पुण्यात बावधन-पाषाण साईडला फ्लॅट घेतलाय, ब्रोशरमधे रिव्हर व्ह्यू लिहिलं होतं आणि खिडकी उघडली की वास येतोय? घाबरू नका, आधी खिडकी लावून घ्या. मग कामाला लागा.

पहिलं काम म्हणजे रामनदीला नदी म्हणणं बंद करा. नदी म्हटलं की पूररेषा आली, 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, 100 वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल, कोण झेंगट लावून घेणार! आधी ओढा म्हणा, वर्षभरात नाला म्हणा, मग नुसतं "ते मागचं गटार". गटारात राडारोडा टाकताना कुणाचा हात थरथरत नाही, नदीत टाकताना उगाच आजी आठवते.

कुणी खवचट म्हातारा सांगेल की ही खाटपेवाडीच्या डोंगरात उगम पावते, भूगाव, बावधन, पाषाण, सोमेश्वरवाडी करत औंधाजवळ मुळेला मिळते, जेमतेम 19 किलोमीटर. तुम्ही म्हणा हो का, आणि लिफ्टचं बटण दाबा. 2010 च्या ऑक्टोबरातला पूर मात्र सोसायटीच्या ग्रुपवर चुकूनही काढू नका, रेट पडतात.

आता खरी अडचण झऱ्यांची. आपला काळा पत्थर दिसायला टणक पण त्याला भेगा असतात, टेकडीवर पडलेला पाऊस त्यातनं हळूहळू खाली झिरपतो आणि घट्ट थर लागला की मुकाट बाजूनं बाहेर येतो, म्हणून पावसाळा संपून गेला तरी हे पाणी आपलं वाहतंच, ना मीटर ना परवानगी. यावर उपाय सोपा आहे, टेकडीचा उतार कापून पार्किंग करा, पेव्हर ब्लॉक लावा, उरलासुरला पाझर बोअर मारून वाटेतच गाठा. झरा आटला की "पाऊसच कमी झालाय हल्ली" म्हणायचं (पाऊस काय कोर्टात जात नाही). सांडपाणी तेवढं सोडत रहा, नाहीतर पात्र कोरडं दिसेल आणि पाषाण तलावातल्या जलपर्णीनं खायचं काय?

इतकं करूनही झरा ऐकत नाही हे मी स्वानुभवानं सांगतो. आमच्या बिल्डिंगचा पाया खणताना बिल्डरला पाणी लागलं, त्यानं ते आम्हाला सांगितलं नाही, पझेशननंतर बेसमेंटनं सांगितलं. तेव्हापासून दोन पंप आलटूनपालटून चालू असतात, लाईट बिल मेंटेनन्समधे. गेटपाशी पांढऱ्या पीव्हीसी पाईपातनं ते पाणी चोवीस तास ड्रेनेजच्या जाळीत पडतं, इतकं नितळ की खालचं गंजलेलं गजन् गज मोजता येतं. त्याच्याच शेजारी रोज सकाळी टँकर उभा राहतो आणि आम्ही पैसे मोजतो. एजीएममधे मी विचारलं, हेच पाणी निदान फ्लशला वापरायचं का, तर सेक्रेटरी म्हणाले, "अहो, ते नाल्याचं आहे."

बघा, बारसं जमलं की नाही!

वॉचमनला मात्र अजून कुणी हे सांगितलेलं दिसत नाही. परवा सकाळी साडेसहाला पाईपाखाली बाटली धरून बसला होता, मला बघून जरा ओशाळला आणि म्हणाला, "साहेब, टँकरच्या पाण्याला वास येतो ओ."