डास गटारात शोधताय, तो हौदात आहे

गेल्या आठवड्यात आमच्या लोकमान्यनगरच्या ग्रुपवर एकाच दिवशी तिघांनी तोच मेसेज टाकला. थोडक्यात असा: ‘डेंग्यू घाणीत होतो, आपलं इंदूर स्वच्छतेत नंबर वन, घाबरू नका. त्याचा डास गुडघ्याच्या वर उडत नाही, म्हणून पायांना खोबरेल लावा आणि रात्री मच्छरदाणी बांधा. झालाच तर पपईच्या पानांचा रस द्या, चोवीस तासांत प्लेटलेट लाखावर. ताप उतरला की सुटलात. प्लेटलेट पन्नास हजारांखाली गेल्या तर मात्र लगेच चढवा.’ खाली जोडलेले हात आणि ‘पुढे पाठवा, एक जीव वाचेल’.

पाठवणाऱ्यांत माझ्या आत्येसासूबाईही आहेत. त्यांच्या मनात फक्त काळजी आहे, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण मी 26 वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासते आहे, आणि या मेसेजमुळे एखादा जीव जाऊ शकतो असं मला वाटतं. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी ते ‘नंबर वन’. 2017 पासून आपलं शहर वर्षानुवर्षं पहिलं येतंय, कचऱ्याची गाडी रोज दारात येते, याचा मलाही अभिमान आहे. पण डेंग्यूच्या डासाला, म्हणजे एडिस इजिप्तीला, गटार लागतच नाही. त्याला हवं असतं भांड्यात साठलेलं, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी. आणि आपल्याकडे काय आहे? नर्मदेचं पाणी बहुतेक भागांत एक दिवसाआड येतं, म्हणून घरोघरी अंगणात हौद आणि गच्चीवर टाकी. शिवाय खिडकीतला कूलर, जो पावसाळा लागल्यावर बंद होतो पण रिकामा कोणी करत नाही. पक्ष्यांसाठी ठेवलेला सकोरा, म्हणजे पाण्याचं मातीचं भांडं. मनीप्लांटची बाटली. फ्रिजच्या मागे खाली जी पाणी जमायची थाळी असते, ती तर कितीतरी घरांत वर्षभर कोणी बघितलेली नसते.

रविवारी मी आत्यांकडे गेले होते. त्यांचं घर इतकं लख्ख असतं की फरशीवर ताटाशिवाय जेवावं. हौदाचं लोखंडी झाकण एका कोपऱ्यात गंजून उचललं गेलंय, तिथून टॉर्च मारला. पाणी काचेसारखं नितळ, आणि पृष्ठभागाला लटकलेले बारीक बारीक स्वल्पविराम. प्रकाश पडला तसे सगळे वळवळत तळाकडे गेले. आत्या म्हणाल्या, “अगं, हे तर पाण्यातले किडे, नेहमीच असतात.” ते किडे नव्हेत, डासाच्या अळ्या. अंड्यातून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. त्यामुळे आठवड्यातून एकदा पाणी पूर्ण काढून भांडं कोरडं करायचं, हा नियम आहे. नुसतं पाणी ओतून देऊन भागत नाही, बरं का. मादी अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर भिंतीला चिकटवते. काळी, तिळाहून कितीतरी लहान. कोरडी पडली तरी ती महिनोन्‌महिने टिकतात, पुन्हा पाणी चढलं की फुटतात. म्हणून घासायचं, काथ्याने, कडेकडेनं. हौद रिकामा करणं शक्यच नसेल तर झाकण घट्ट बसवा, किंवा नगर निगमच्या मलेरिया विभागाला अळीनाशक टाकायला सांगा. धुराची गाडी आली की आपल्याला वाटतं काम झालं. धुराने उडणारे डास मरतात, अळ्या आणि अंडी जागच्या जागी राहतात.

खोबरेलाचं लवकर सांगते. हा डास पायांना, घोट्यांना जास्त चावतो हे खरं, बहुधा तिथूनच ‘गुडघ्यापर्यंत’ आलं. पण तो वरच्या मजल्यांवरच्या घरांतही सापडतो, आणि हात, मान काही सोडत नाही. खोबरेल त्याला रोखत नाही. आणि तो चावतो दिवसा, विशेषतः सकाळी आणि मावळतीच्या आधी. मच्छरदाणी लागते ती दुपारी झोपणाऱ्या बाळाला, आणि डेंग्यूच्या रुग्णाला दिवसाही, कारण तापाच्या दिवसांत त्याला चावलेला डास पुढे घरातल्या इतरांना चावतो. ताटवाटी वेगळी ठेवायची मात्र काही गरज नाही.

आता मेसेजमधली सगळ्यात घातक ओळ: ताप उतरला की सुटलात.

तीन वर्षांपूर्वी शेजारच्या वहिनींच्या मुलाला डेंग्यू झाला, बारावीत होता. पाचव्या दिवशी सकाळी थर्मामीटर नॉर्मल. वहिनींनी देवापुढे साखर ठेवली, मऊ वरणभात केला. दुपारी मी सहज डोकावले तर तो पलंगाला टेकून खाली बसलेला, पोट धरून. दोनदा उलटी झालेली. हात हातात घेतला तर गार आणि घामाने चिकट. “लघवीला कधी गेला होतास?” विचारलं, तर आठवेना. सकाळपासून नाहीच. घरात सगळे रिपोर्टमधल्या एकाच ओळीकडे बघत होते, प्लेटलेट 64,000. त्याच कागदावर वरच्या बाजूला पीसीव्ही (हिमॅटोक्रिट) होता, म्हणजे रक्तात लाल पेशींचा भाग किती टक्के ते. दोन दिवसांपूर्वी 40, त्या दिवशी 50.

डेंग्यूत ताप उतरतो त्या सुमारास, पुढचे 24 ते 48 तास, काहींच्या रक्तवाहिन्या झिरपायला लागतात. रक्तातला पाणीदार भाग बाहेर पोटात, छातीत जातो, मागे उरलेलं रक्त घट्ट होतं, पीसीव्ही चढतो आणि रक्तदाब ढासळतो. अंगात ताप नाही म्हणून घरचे निर्धास्त, आणि नेमक्या त्याच वेळी रुग्ण शॉककडे, म्हणजे अवयवांना रक्त पुरेनासं होण्याकडे, चाललेला असतो. तो मुलगा हॉस्पिटलात वेळेवर पोहोचला, मोजूनमापून सलाइन मिळालं, तिसऱ्या दिवशी चहा मागू लागला. प्लेटलेटची एकही पिशवी चढवावी लागली नाही.

म्हणून पोटात जोरात दुखणं, थांबत नाही अशी उलटी, हिरड्या-नाकातून रक्त, काळी शी, खूप गळून जाणं किंवा उगाच चिडचिड-तळमळ, गार हातपाय, सहा तास लघवी नाही, यातलं एक जरी दिसलं तर आकड्याची वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

पन्नास हजारांचं म्हणाल, तर रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट चढवायचा विचार साधारण दहा हजारांखाली करतात, असं आपल्या देशातल्या उपचारांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. त्यातही नळीतलं रक्त कधी गुठळ्या धरतं आणि मशीन प्लेटलेट कमी मोजतं. अशा वेळी आम्ही काचेवर थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. ‘स्लाइडवर बघितलंत का?’ असं लॅबला जरूर विचारा.

पपईच्या रसाने आकडा थोडा वर गेल्याचे काही छोटे अभ्यास आहेत. पण झिरपणं, शॉक किंवा मृत्यू टळतो याचा पुरावा नाही, आणि बऱ्या होणाऱ्या रुग्णाच्या प्लेटलेट रस न घेताही वाढतातच. कडू रसाने उलट्या होणाऱ्या मुलाच्या अंगातलं पाणी मात्र आणखी कमी होतं. त्यापेक्षा ओआरएस, पेज, ताक, शहाळं द्या, घोट घोट. तापाला फक्त पॅरासिटामॉल, डॉक्टर सांगतील तेवढी. अंग ठणकतं म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन किंवा मेफेनॅमिक ॲसिड घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. ज्याला पूर्वी एकदा डेंग्यू होऊन गेलाय त्याच्यावर जास्त लक्ष ठेवा. या विषाणूचे चार प्रकार आहेत, आणि वेगळ्या प्रकाराचा दुसरा संसर्ग बरेचदा पहिल्यापेक्षा जड जातो.

आत्ता आपल्या गल्लीत दोन घरांत ताप आहे. ताप कोणत्या दिवशी आला ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. लॅबमध्ये आम्ही पहिलं तेच विचारतो, कारण पहिल्या पाच दिवसांत एनएस-1 तपासणी करायची असते, ती रक्तात विषाणूचं प्रथिन शोधते; नंतर आयजीएम, ती शरीराने त्याविरुद्ध बनवलेली प्रतिपिंडं शोधते. आणि पुढचा धोक्याचा दिवस मोजायलाही तीच तारीख लागते.