दुहेरी बुकिंगच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार. दोन तारे देऊन तुम्ही थांबला नाहीत, नेमकं काय बिघडलं ते सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. इतर वाचकांसाठी तक्रार थोडक्यात सांगतो. आमच्या अपॉइंटमेंट बुकिंगच्या सेवेला तुम्ही तुमचा एआय एजंट, म्हणजे तुमच्या वतीने स्वतः कामं करणारा एआय प्रोग्राम, जोडलात. त्याने एकाच ग्राहकाचं बुकिंग तीनदा केलं, ५ जूनची एक अपॉइंटमेंट ६ मे रोजी टाकली, आणि जी फक्त पुढे ढकलायची होती ती कायमची पुसून टाकली. "हे डॉक्युमेंटेशन तुमच्याच ऑफिसातल्या माणसांसाठी लिहिलेलं आहे," असं तुम्ही म्हटलंत. ते खरं आहे.

आमच्या सपोर्टने तुम्हाला "मॉडेल बदलून बघा" असं कळवलं होतं. ते उत्तर मी मागे घेतो. तुम्ही पाठवलेला लॉग मी स्वतः ओळन्‌ओळ वाचला, आणि तिन्ही ठिकाणी एजंटने आम्ही लिहिलं होतं तेच केलं.

तीनदा बुकिंग कसं झालं ते आधी सांगतो, कारण मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. पहिल्याच विनंतीत बुकिंग झालं होतं, पण आमचा सर्व्हर संथ झाल्याने उत्तर पोचायच्या आत टाइमआउट झाला, म्हणजे वाट पाहण्याची मुदत संपली. एजंटला मिळालेला एरर मेसेज होता: "काहीतरी चुकलं. पुन्हा प्रयत्न करा." त्याने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तोच मेसेज, पुन्हा प्रयत्न. माणूस असता तर त्याला शंका आली असती, त्याने कॅलेंडर उघडून पाहिलं असतं. एजंटला कॅलेंडर दिसत नव्हतं, दिसत होतं ते आमचं वाक्य. एरर मेसेज हासुद्धा डॉक्युमेंटेशनचाच भाग असतो, हे आम्ही कधी धरलंच नव्हतं. आता बुकिंगच्या प्रत्येक विनंतीसोबत एक विनंती-क्रमांक द्यावा लागतो. तोच क्रमांक पुन्हा आला तर नवं बुकिंग होत नाही, आधीचंच परत मिळतं. टाइमआउटचा मेसेजही बदलला: "बुकिंग झालेलं असू शकतं. आधी शोधा. सापडलं नाही तर त्याच क्रमांकाने पुन्हा पाठवा."

तारखेचं कारण साधं आहे. तारखेच्या पॅरामीटरच्या, म्हणजे एजंटने भरायच्या रकान्याच्या, वर्णनात आम्ही फक्त "तारीख, मजकूर" एवढंच लिहिलं होतं. एजंटने ०५/०६ पाठवलं, आमच्या सर्व्हरने महिना आधी धरला. आता आयएसओ ८६०१ या तारखा लिहिण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे २०२५-०६-०५ असंच लिहावं लागतं. वर्णनात नमुना दिला आहे, आणि दुसऱ्या कुठल्याही रूपातली तारीख सर्व्हर अंदाज न बांधता परत पाठवतो.

पुसलेल्या अपॉइंटमेंटचं मूळ आमच्या नावांमध्ये होतं. "रिमूव्ह" म्हणजे वेळ मोकळी करून नोंद ठेवायची आणि "डिलीट" म्हणजे नोंदच घालवायची, हा फरक आमच्या घरातला. वर्णनात मात्र "बुकिंग डिलीट करतं" एवढीच ओळ होती, म्हणजे टूलचं (एजंटला वापरता येणाऱ्या आमच्या एकेका कृतीचं) नावच पुन्हा सांगितलेलं. स्क्रीनवर काम करणाऱ्याला लाल बटण दिसतं, "नक्की का?" असं विचारणारी चौकट येते. एजंटला बटणही दिसत नाही आणि रंगही. त्यातून वेळ बदलण्यासाठी वेगळं टूल आहे, हे आम्ही कुठेच लिहिलं नव्हतं. आता प्रत्येक वर्णनात ते टूल कधी वापरायचं, कधी नाही आणि त्याऐवजी कोणतं, हे आहे. एमसीपी, म्हणजे एआयला बाहेरची टूल जोडण्याची खुली प्रमाण पद्धत, हिच्या मार्च २०२५ च्या आवृत्तीत टूल विध्वंसक आहे की नाही हे सांगणारी खूण आली, तीही आम्ही लावली. पण ती खूण म्हणजे केवळ सूचना असते, म्हणून कायमचं पुसण्याआधी सर्व्हर स्वतः दुसरी मंजुरी मागतो.

एका मुद्द्यावर मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. प्रत्येक वर्णनात संपूर्ण मॅन्युअल घाला, असं तुम्ही सुचवलंत. सहसा जोडलेल्या सगळ्या टूलची नावं, वर्णनं आणि स्कीमा (कोणती माहिती कोणत्या रूपात द्यायची याचा आराखडा) दर वेळी मॉडेलच्या कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे त्याच्यासमोरच्या मजकुरात, जातात. तिथे पानंच्या पानं ओतली की कामाची ओळ त्यात हरवते. आम्ही तसं करून पाहिलं, आणि एजंट चुकीचं टूल उलट जास्त वेळा निवडू लागला. म्हणून आता दुसरी पद्धत धरली आहे: काहीच माहीत नसलेल्या एजंटला फक्त टूलची यादी द्यायची, रोजची कामं सांगायची, आणि तो जिथे अडखळेल तिथलं वाक्य सुधारायचं. तुमचे तिन्ही प्रसंग त्या चाचण्यांत घातले आहेत.

दर आठवड्याला येणाऱ्या अपॉइंटमेंटचं वर्णन अजून कच्चं आहे. एकच दिवस रद्द करायचा की पूर्ण मालिका, हे त्यावरून एजंटला नीट कळत नाही. ते सुधारेपर्यंत ते काम एजंटकडे देऊ नका. पुसलेली अपॉइंटमेंट आम्ही बॅकअपमधून परत आणली आहे, ती तुमच्या खात्यात दिसेल. तिच्यातली वेळ आणि ग्राहकाचा निरोप एकदा तुमच्या नोंदीशी ताडून पाहा, काही कमी असेल तर त्याच तक्रारीवर लिहा, मी स्वतः बघतो.